सासऱ्यांची सासू झाली तेव्हा

सासूबाई गेल्या, दुखवट्याची माणसं पांगली, आणि सुनेच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता फ्रीजच्या डोक्यावरून बोट फिरवून धूळ दाखवणारं घरात कुणी उरलं नाही. विचार वाईट होता. तिला त्याची लाजही वाटली, आणि लाज वाटून झाल्यावर ती खुर्चीला पाठ टेकून बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून आपण कधी पाठ टेकून बसलो होतो का, हे तिला काही केल्या आठवेना.

बिचारीला कुठे माहीत होतं, की जागा रिकामी झालीच नव्हती.

सून मत्स्यालयात कामाला होती. सार्वजनिक बागेच्या एका कडेला असलेली ती ठेंगणी, ओलसर इमारत; आत अंधार, काचांमागे निळा उजेड, आणि भिंतीतून कायम पंपांची घरघर. टाक्यांच्या काचा आतून घासायच्या, पाण्याचा खारटपणा तपासायचा, सांडलेलं खाणं नळीनं ओढून काढायचं आणि रात्रीतून मेलेला मासा दारं उघडायच्या आत उचलायचा, कारण लोक तिकीट काढून जिवंत मासे बघायला येतात. शाळेची सहल आली की पोरांना माहिती सांगायची, तीही तिनंच. पगार बेताचा, पाठ रोज दुखायची, अंगाला येणारा वास साबणाला दाद द्यायचा नाही. तरी त्या कामावर तिचा जीव होता. त्या अंधारात काचेपाशी उभं राहिलं की कुणी तिला हाक मारत नसे, आणि एवढं सुख तिला दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं.

सासूबाईंना मात्र त्या वासाचा राग. सून दारात चप्पल काढते न काढते तोच आतून घसा खाकरल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ प्रश्न, "हात धुतलेस? कोपरापर्यंत?" रोज. धुतलेले असले तरी.

आता सासऱ्यांबद्दल. तशी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट फारशी नव्हती, हीच त्यांची गोष्ट होती. एका मोठ्या कचेरीत ते लिफ्टमन होते. जन्मभर एका पेटीत स्टुलावर बसून त्यांनी माणसं वर नेली आणि खाली आणली. बोलायचं ते मजले. फार झालं तर "एकानं उतरा." घरी तेवढंही नाही, कारण त्यांच्या वाटचं बोलणं सासूबाई करून टाकायच्या. "यांना कमी मीठ चालत नाही," असं त्या म्हणायच्या आणि हे मान हलवायचे. डॉक्टरांनी यांना विचारलं, कुठे दुखतंय, तरी उत्तर त्यांनीच द्यायचं, आणि गंमत म्हणजे ते बरोबर असायचं. सुनेनं त्यांचं एक पूर्ण वाक्य असं कधी ऐकलंच नव्हतं. तिला ते आवडायचे. न बोलणारं माणूस त्या घरात चैनीची गोष्ट होती.

पहिल्यांदा ते बोलले ते चहाच्या भांड्याबद्दल. सून चहा उकळून तसाच ठेवून वळली, तर स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "झाकण."

तिला भरून आलं. म्हातारा बोलायला लागला, दुःखातून बाहेर येतोय, असं तिनं मोठ्या कौतुकानं नवऱ्याला सांगितलं. मूर्खपणा!

मग टॉवेल आले. टॉवेलची घडी लांबीत घालायची, चौकोनी नाही. मग साबणाचे उरलेले तुकडे नव्या वडीला चिकटवायचे, टाकायचे नाहीत. मग एका सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या वेताच्या खुर्चीत, जिथे सासूबाईंशिवाय कुणी बसायचं नाही, तिथे जाऊन बसले. तिथून गॅस, बेसिन आणि बाहेरचं दार असं सगळं एका नजरेत येतं. आणि एक दिवस त्यांनी उठून फ्रीजच्या डोक्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. हुबेहूब. भुवईसुद्धा तीच, डावी.

त्या संध्याकाळी ती कामावरून आली, चप्पल काढायला वाकली, आणि आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हात धुतलेस? कोपरापर्यंत?"

सून तशीच वाकलेली राहिली.

"तुझ्या बाबांची सासू झालीय," रात्री जेवणं आटोपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "मी चेष्टा करत नाहीये. आमच्या त्या नारिंगी माशांचं होतं ना, तसं झालंय."

नवरा बसच्या गॅरेजमध्ये मिस्त्री होता आणि माणूस म्हणून चांगला होता, म्हणजे त्याला काहीही सांगितलं तरी तो "बघू" म्हणायचा. माशांचं काय होतं ते तिनं त्याला लग्नापासून ऐकवलं होतं, पण तो ऐकताना झोपायचा.

तर ते असं होतं. बाहेर पडायच्या दाराशी एक टाकी होती, तिच्यात समुद्रफुलाच्या झुबक्यात राहणारे नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे जोकर मासे. त्यांच्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी. तिचा शब्द शेवटचा. तिच्याखाली नर, अंगानं लहान, कायम तिच्या धाकात. आणि त्याच्याखाली आकारानं लहान होत गेलेली बाकीची चिल्लीपिल्ली. मादी मेली, की नर दुसरी शोधायला जात नाही. तोच मादी होतो. अंगानं वाढतो, बाकीच्यांना ढोसायला लागतो, काही महिन्यांत अंडीसुद्धा घालतो. चिल्लीपिल्लीतला मोठा मग त्याचा, म्हणजे तिचा, नवरा होतो. शेजारच्या टाकीतल्या रंगीत माशांत नेमकं उलटं. तिथे दांडगा नर मेला की मोठ्या मादीचा नर होतो. त्यापुढच्या टाकीत समुद्रघोडे, त्यांच्यात पोटाशी पोरं बाळगायची ती बापानं. आणि एका कोपऱ्यात माकूल, तोंडाशी सोंडांचा झुबका असलेले, अंगाचे रंग बदलणारे. त्यांच्यातला मरतुकडा नर बायकी रंग अंगावर घेऊन धटिंगणाच्या नाकासमोरून त्याच्या बायकोपाशी जातो, आणि धटिंगणाला पत्ता नसतो. सून हे पोरांना सांगायची तेव्हा पोरांना त्यात काहीच वावगं वाटत नसे. मास्तरांचीच पावलं भराभर पडायला लागायची.

हे सगळं दिवसभर बघून वैताग यायचा नाही. वैताग घरी होता.

खरं भय तर वेगळंच होतं. सासूबाई गेल्यापासून जो तो तिच्या नोकरीवर डोळा ठेवून होता. शेजारीण म्हणाली, "आता तू घरीच असशील ना?" दिरानं परगावाहून फोन केला, "वहिनी, बाबांचं कसं, आता कुणीतरी घरी हवंच." कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. दीर काही 'कुणीतरी'मध्ये धरलेला नव्हता. सून सगळ्यांना "बघू" म्हणायची, नवऱ्याकडून तेवढं एक ती शिकली होती. पण शेवटचा शब्द वडीलधाऱ्या माणसाचा असणार, आणि वडीलधारं माणूस वेताच्या खुर्चीत बसून रोज एक नवं वाक्य शोधून काढत होतं. झाकण झालं, टॉवेल झाले, हात झाले. आज ना उद्या "काम सोड" येणार, हे तिला दिसत होतं. रोज संध्याकाळी दार ढकलायच्या आधी ती आत कान देऊन ऐकायची.

म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली. काहीतरी कर. तुझे वडील आहेत. त्यांना सांग. मी काय काय ऐकून घ्यायचं? रोज रात्री तेच गाऱ्हाणं. आणि इथे तिची चूक झाली, कारण मिस्त्री माणसाला रोज रात्री 'काहीतरी कर' म्हटलं तर तो कधीतरी खरोखरच काहीतरी करून बसतो.

तिकडे मत्स्यालयातही एकानं काहीतरी करून ठेवलं होतं. सासूबाईंच्या दुखवट्याला ती रजेवर असताना जोकर माशांची मोठी मादी मेली होती. साहेब स्वभावानं मवाळ, सगळी हयात गोड्या पाण्यातल्या माशांत गेलेली. एकटा पडलेला नर पाहून त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी त्याच्यासाठी एक मोठी, तयार मादी मागवली. ती मादी आली काही महिन्यांनंतर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"साहेब, आता उशीर झाला," सून म्हणाली. "तो नर नाही राहिला. तोच बाई झालाय. त्या टाकीत दोन बायका होतील."

"एकदा सोडून तर बघू. बाहेर 'नवं जोडपं' म्हणून फलकही लागलाय," साहेब म्हणाले.

सोडून बघितलं. आतल्या बाईनं नवीला समुद्रफुलाच्या जवळसुद्धा फिरकू दिलं नाही. सूनबाई बाह्या वर करून काचेपाशी उभीच होती. नवीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि ती पंपाच्या मागे अंग चोरून थरथरत राहिली, तेव्हा हिनं साहेबांना न विचारता जाळं घातलं आणि तिला बाहेर काढलं.

"मला वाटलं, एकटा आहे बिचारा," साहेब म्हणाले.

"सगळ्यांना तसंच वाटतं," सून म्हणाली. "हिला वेगळी टाकी द्या आणि एखादं लहान पोर सोडा तिच्याबरोबर. सुखानं राहील." साहेबांनी खरोखर तसं केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

दंडापर्यंत ओली, चिडलेली, थकलेली अशी ती घरी आली, तर दाराच्या आत दोन बॅगा आणि एक गुंडाळलेली गादी. वेताच्या खुर्चीत नवऱ्याची आत्या. आणि नवरा, चेहऱ्यावर असा आनंद, जणू बंद पडलेल्या बसला नवं इंजिन बसवून आणलंय.

"आत्या आता इथेच राहणार," तो म्हणाला. "घराला मोठं बाईमाणूस झालं. तुझी नोकरीही चालू राहील. रोज म्हणत होतीस ना, काहीतरी कर?"

सुनेला त्याला जाळ्यात धरून बाहेर काढावंसं वाटलं.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, स्वच्छ, कामाला वाघ. लहानपणी आई गेल्यावर भावाला तिनंच वाढवलेलं. सून मनात म्हणाली, आता बघा. एका घरात दोघी. आता शेपट्या फाटणार.

काहीच फाटलं नाही. सासरे भिंतीशी उभे होते. आत्या म्हणाली, "तू तिथे बैस," आणि ते चपलांच्या मांडणीशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसले. बसले ते बसलेच. जोकर मासा एकदा मादी झाला की पुन्हा नर होत नाही, त्याची वाट एकेरी. पण सासरे एका संध्याकाळीत परत लिफ्टमध्ये जाऊन बसले.

घर सुरेख चालायला लागलं. जेवण वेळेवर, गरम. कपडे इस्त्री केलेले. सुनेला चहाचा कप हातात मिळायचा. हात धुतलेस का, असं कुणी विचारेना. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ती आतल्या आत धुमसत होती. कशावर, ते तिलाच कळेना. संध्याकाळी चप्पल काढताना ती मुद्दाम वेळ लावायची. आतून काहीच आवाज येत नसे. स्टुलावरून सासरे तिच्या हातांकडे बघायचे आणि नजर खाली घालायचे. सासूबाई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं होतं, आणि या वेळी तर भेटायलाही कुणी आलं नव्हतं.

मग ती आगळीक करायला लागली. या वयात! सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत चहाचं भांडं उघडं ठेवायची. टॉवेल चौकोनी घडी घालून, थोपटून, त्यांच्या समोर रचायची. एकदा साबणाचा तुकडा त्यांना दाखवून केराच्या डब्यात टाकला. ते अस्वस्थ व्हायचे, त्यांचे ओठ हलायचे. मग आत्या स्वयंपाकघरातून बोलायची आणि ते ओठ मिटायचे. बोला ना, सून मनात ओरडायची. इतके महिने जीव नकोसा केलात, आता काय झालं? माझं डोकं फिरलंय, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी ओला चमचा साखरेच्या डब्यात घातला.

व्हायचं ते शेवटी झालं, पण ते आत्याकडून झालं. सगळे जेवायला बसले होते.

"मी स्पष्ट बोलते," आत्या म्हणाली. "मी काही जन्माला पुरणार नाही. घराला बाई लागते. तू आता ते काम सोड. माशांची घाण उपसणं हे काही काम आहे का? तुझ्या सासूलाही ते पसंत नव्हतं. मला फोनवर रोज सांगायची, त्या वासाचं."

"आत्या, ते काम मी—"

"तुला नाही विचारत. याला विचारते. घरातला मोठा हा आहे." तिनं भावाकडे मान वळवली. "सांग तिला. सोडू दे ना?"

नवऱ्यानं ताटात डोकं घातलं. सुनेनं घास खाली ठेवला. सासरे 'हो' म्हणणार, हे तिला दिसतच होतं. जन्मभर त्यांनी दुसरं केलंय काय? वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. आणि आपणच हे ओढवून घेतलं. रोज रात्री गाऱ्हाणी केली कुणी?

सासऱ्यांनी घसा खाकरला. सासूबाईंसारखा.

"हात धू म्हणायची," ते म्हणाले. "कोपरापर्यंत."

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाली.

"हात धू म्हणायची. काम सोड असं नाही म्हणायची."

"अरे, पण मनात तर तिच्या—"

"मनातलं ती ठेवायचीच नाही. सगळं बोलायची." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "झाकण म्हणायची. टॉवेल म्हणायची. साबण म्हणायची. मी रोज आठवून आठवून म्हणत होतो, काही राहायला नको म्हणून. तिनं म्हटलं नाही ते मी म्हणणार नाही. आणि कुणी तिच्या नावावर म्हणायचंही नाही."

एवढं बोलून त्यांना दम लागला. सुनेच्या डोक्यात गेल्या सगळ्या महिन्यांची टोचणी सर्रकन फिरून गेली. त्यात सासऱ्यांचं स्वतःचं असं एक अक्षर नव्हतं. आणि ती इतके दिवस बिचकत दार ढकलत होती, एका अशा वाक्याच्या भीतीनं, जे त्यांच्याकडे नव्हतंच.

आत्या हट्टी होती, पण कोत्या मनाची नव्हती. आठवडाभरानं तिनं आपणहून बॅगा भरल्या. "या घरात कारभारीण आहे," जाताना ती भावाकडे बोट दाखवून सुनेला म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं. हा एवढं बोलतो, हेही नव्हतं माहीत." नवऱ्यानं गादी उचलली आणि तिला पोचवायला गेला.

सासरे वेताच्या खुर्चीत येऊन बसले. सून त्यांच्यासमोर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्हींच्या वर तो जुना वैताग होताच. झाकण, टॉवेल, साबण. आता हे असंच चालणार, बहुतेक जन्मभर. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"बाबा, आईंचं कळलं मला. पण तुमचं काय? तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला स्वतःला? मी कामावर जावं की नाही?"

सासरे विचारात पडले. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नसावा. खुर्चीच्या हातावरून ते अंगठा फिरवत राहिले, कपाळावर आठ्या आल्या. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"थांब," ते म्हणाले. "तिला विचारून सांगतो."

आणि ते खरोखरच उठले, आतल्या खोलीकडे निघाले. दारात पोचल्यावर थांबले. विचारायला आत कुणी नाही, हे त्यांना तिथे पोचल्यावर आठवलं असावं. सून उठली आणि बेसिनशी जाऊन हात धुवायला लागली, कोपरापर्यंत.